जिन्यातला पांढरा डबा

दार तुम्ही लावलंत. घर यशवंतरावांचं, जिना त्यांनी बांधलेला, विजेचं बिल भरायचं त्यांनी, आणि त्याच घरातल्या वरच्या खोलीतून खालच्या खोलीत जायची वाट बंद केलीत तुम्ही. न विचारता, न सांगता. वर मोबाइलवर मेसेज धाडलात, ‘अभिनंदन! आपले कनेक्शन अपग्रेड झाले आहे.’ अभिनंदन कसलं करता? तुमच्या त्या अभिनंदनापायी एका म्हाताऱ्या बाईनं कुंकवाच्या करंड्याला हात लावायचं सोडलं आणि एका तरण्या बाईच्या हातचं काम काढून घ्यायची वेळ आली. तुम्ही म्हणाल, आम्हाला काय माहीत! तेच तर. माहीत नसताना लोकांच्या घरात हात घालता. आता माहीत करून घ्या.

रहाटणीत काळेवाडीकडे जाणाऱ्या गल्लीत हे घर आहे. आजूबाजूची शेतं सोसायट्यांनी खाल्ली, यशवंतरावांनी तेवढा एक तुकडा राखला आणि त्यावर घर बांधलं. खाली पत्र्याची शेड, वर बिऱ्हाड. शेडमध्ये त्यांचा मुलगा शेखर मिलिंग मशीन चालवतो, कॉम्प्युटरवरून प्रोग्राम घेणारं. चाकणच्या कंपन्यांना फिक्स्चर लागतात. म्हणजे वेल्डिंग करताना गाडीचा पत्रा हलू नये म्हणून त्याला घट्ट धरून ठेवणारे लोखंडी ठोकळे. ते तो कापून देतो. पण ठोकळा कसा कापायचा हे मशीनला सांगायचं काम त्याचं नाही. ते त्याच्या बायकोचं, उत्कर्षाचं.

उत्कर्षा चिंचवडची. डिप्लोमा करून चाकणला एका कंपनीच्या डिझाइन ऑफिसात होती. दिव्या झाली आणि कंपनीची बस सुटली ती सुटलीच. त्या काळात ती घरात अशी वावरायची, की जणू कुणाच्या तरी लग्नाला आलेली पाहुणी. शेवटी सासूनंच, शालनबाईंनीच, एक दिवस जेवता जेवता मुलाला फैलावर घेतलं होतं.

“तू भायेरून डिझाइन करून आनतोस. आन घरात डिझायनी बसलीय ती काय निस्ती भेंडी चिरायला?”

“आई, शेडमध्ये केवढा आवाज, तेलाचा वास. तिथं लेकरू घेऊन बसंल का ती?”

“खाली कशाला? वर बसंल. तुमच्या त्या कॉम्प्युटरला वरनं खाली बोलता येत न्हाई व्हय? अमेरिकेत बोलतोय म्हनं!”

म्हातारीच्या या एका वाक्यावर सगळी मांडणी झाली. वर उत्कर्षाचा कॉम्प्युटर, खाली शेडमधला कॉम्प्युटर, आणि जिन्याच्या वळणावर भिंतीला इंटरनेटचा डबा. दोन्ही कॉम्प्युटर त्या डब्याच्या वायफायवर. उत्कर्षानं दोघांच्यात एक सामायिक फोल्डर केला आणि त्याला नाव दिलं ‘जिना’. ती वर प्रोग्राम करायची, ‘जिना’त ठेवायची. शेखर खाली तोच फोल्डर उघडायचा आणि मशीनला लावायचा. काही चुकलं तर खालून ओरडायचा, “अगं, भोक दोन मिलिमीटर इकडं घे!” ती मांडीवरच्या दिव्याला या हातातून त्या हातात घेऊन भोक सरकवायची. फाइल एकच. वर बदलली की खाली बदललेली. पोरगी झोपेतून उठायचीसुद्धा नाही.

असं छान चाललेलं. मग खंडेनवमी आली.

त्या घरात खंडेनवमी म्हणजे मोठं काम. शेखरनं मशीन पुसून आरशासारखं केलं. शालनबाईंनी झेंडूच्या माळा घातल्या, लिंबू ठेवलं, नारळ फोडला. मशीन, ड्रिल, ग्राइंडर, पाने, मोजपट्ट्या, आणि दोन्ही कॉम्प्युटर. सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांवर फुलानं पाणी. आणि त्यांच्यातली पद्धत अशी, की पूजलेल्या हत्याराला दसऱ्याला सोनं वाटून होईपर्यंत हात लावायचा नाही. यशवंतरावांचा बाप नांगराला लावत नव्हता, यशवंतराव मशीनला लावू देत नाहीत.

नेमका त्याच दिवशी तुमचा माणूस आला. ओंकार त्याचं नाव. पाठीला सॅक, हातात पांढरा डबा.

“काका, तुमचा डबा जुना झालाय. कंपनीनं नवीन पाठवलाय. फ्री आहे.”

“फुकट?” यशवंतराव खुश. “मंग बस की. पेढा घे. आज खंडेनवमी हाय, तूबी हत्यारवालाच.”

ओंकारनं जुना डबा काढला, नवा लावला, वायफायचं नाव आणि पासवर्ड जुनाच ठेवला. “काका, एकदा कॉम्प्युटर चालू करून बघू का?”

“अजिबात न्हाई! पूजा झालीय. उद्या सोनं वाटल्याबिगर बटन दाबायचं न्हाई.”

“बरं. मोबाइलवर नेट येतंय, म्हणजे झालंच. ओटीपी सांगा.”

त्या घराची चूक म्हणाल तर एवढीच. हत्याराचा मान ठेवला. ओटीपी सांगितला, ओंकार दुसरा पेढा खाऊन जुना डबा सॅकेत घालून गेला. उत्कर्षा वर पुरण वाटत होती. तिला कळलं ते इतकंच, की नेटचा स्पीड वाढला.

दसऱ्याला संध्याकाळी आपट्याची पानं वाटून झाली, शेखरनं मुहूर्तापुरतं मशीन फिरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी खरं काम. चाकणच्या एका कंपनीचं नवं फिक्स्चर होतं. उत्कर्षानं प्रोग्राम ‘जिना’त ठेवायला घेतला आणि पडद्यावर आलं, की हा संगणक नेटवर्कवर सापडत नाही.

“अहो! खालचा चालू केला का?”

“केलाय!”

“काय दिसतंय त्याच्यावर?”

“लिंबू दिसतंय!”

“लिंबू बाजूला करा आणि ‘जिना’ उघडा!”

‘जिना’ उघडेना. तिनं दोन्ही कॉम्प्युटर बंद करून चालू केले. उघडेना. वरच्याला वाटत असेल आपण बाहेर कुठं स्टेशनच्या सार्वजनिक वायफायवर बसलोय, म्हणून त्याची सेटिंग बघितली. ‘खासगी नेटवर्क’ बरोबर होतं. पासवर्ड परत टाकले. शेअरिंग काढून परत दिलं. संरक्षणाची भिंत म्हणून जी काही असते ती घटकाभर पाडून बघितली. एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्याला नुसती हाक मारायची आज्ञा असते, ती दिली. हाकेला ओ नाही. आणि गंमत बघा, इंटरनेट दोन्हीकडे फर्स्ट क्लास चालू. हा कॉम्प्युटर जगात कुठंही जातोय, फक्त खालच्या मजल्यावर जात नाही!

मग शेखरनं खालचा कॉम्प्युटर ओढून त्याची पाठ बघितली आणि तिथंच ओरडला, “आई!”

शालनबाई लगबगीनं आल्या. कॉम्प्युटरच्या पाठीला वायफाय धरणारी बोटाएवढी काडी असते, तिच्यावर कुंकवाचा जाड ठिपका होता आणि झेंडूची वाळकी पाकळी चिकटलेली.

“ह्याला पण कुंकू?”

“लुकलुकत व्हतं रं. डोळ्यावानी. म्हनलं, ह्यालाबी लावावं.”

“आणि पाणी?”

“फुलानं. उलुसं.”

“उलुसं! आई, हे काय नांगर आहे का? करंट असतो ह्याच्यात! सगळं काम उभं केलंस माझं.”

म्हातारी पुढं झाली. पदरानं ती काडी पुसायला गेली तर शेखरनं हात बाजूला केला. जोरात नाही केला, पण केला. उत्कर्षा वरून जिन्यातून बघत होती. तिला वाटलं, आत्ता बोलावं. पण तिच्याही मनात आलंच होतं, की पाणी गेलं असेल. म्हणून गप्प बसली.

शेखरनं पिंपरीतून नवी काडी आणली. तरी दिसेना. कॉम्प्युटर दुरुस्त करणारा आला, त्यानं कुंकू बघितलं, हसला, आणि म्हणाला, “आतपर्यंत गेलं असणार. सगळं उडवून नव्यानं टाकावं लागेल, गॅरंटी नाही.” त्या दिवसापासून शालनबाईंनी शेडमध्ये पाय टाकला नाही. सकाळची देवपूजासुद्धा यशवंतरावांवर ढकलली. “माज्या हाताला काय बाय हाय,” एवढंच म्हणाल्या.

आणि तुम्हाला फोन केला होता बरं का! उत्कर्षानं स्वतः केला.

“मॅडम, इंटरनेट चालू आहे का?”

“चालू आहे. पण घरातले दोन कॉम्प्युटर एकमेकांना दिसत नाहीत. तुमचा नवीन डबा बसवल्यानंतर—”

“ते आमच्याकडे येत नाही मॅडम.”

“डब्यात काही बदललंय का, एवढंच सांगा.”

“काही बदल नाही मॅडम. फक्त स्पीड वाढवलाय. बाकी सगळं सेम आहे. आणखी काही मदत करू शकतो का?”

‘सेम आहे’ म्हणालात. हे वाक्य लक्षात ठेवा. तिनं तुमच्यावर विश्वास ठेवला, सासूवर नाही. याची लाज तिला आजही वाटते, तुम्हाला वाटते का ते विचारायचंच आहे.

मग पेन ड्राइव्ह आला. वर प्रोग्राम करायचा, पेन ड्राइव्हमध्ये घालायचा, दिव्याला काखेत मारून जिना उतरायचा, शेखरला द्यायचा, परत चढायचं. आता एका फाइलच्या दोन फाइली झाल्या, एक वर आणि एक खाली. व्हायचं तेच झालं. चाकणहून फोन आला, खाचेची खोली कमी करा. उत्कर्षानं वर बदल केला, दुसऱ्या पेन ड्राइव्हवर भरून ठेवला, तेवढ्यात दिव्यानं शी केली. शेखर घाईत वर आला, टेबलावर पेन ड्राइव्ह दिसला तो घेऊन गेला. तो सकाळचा होता. मशीननं सकाळचीच खोल खाच मारली आणि चांगला पोलादी ठोकळा भंगारात गेला.

शेखर तसा वाईट माणूस नाही. पण चाकणच्या साहेबाचं ऐकून घेतलेला माणूस घरी येऊन कुणाला तरी ऐकवतोच.

“मी नवनाथला बोलावतो,” तो म्हणाला. “भोसरीचा. तो शेडमध्ये मशीनशेजारी बसूनच प्रोग्राम करतो. हे वर-खाली नाही आता जमायचं.”

“आणि मी?”

“तू दिव्याकडं बघ की. आराम कर जरा.”

“आराम?”

“अगं, कायमचं नाही म्हणत मी.”

“कायमचं कुणीच म्हणत नसतं. कंपनी सोडली तेव्हाही कायमची नव्हती सोडली.”

“मग काय करू सांग? तुझा ‘जिना’ चालू होतोय का? होत असंल तर सोमवारच्या आत कर. सोमवारी नवनाथ येईल.”

तो खाली गेला. उत्कर्षा पडद्याकडं बघत बसली. पडद्यावर ‘जिना’चं चिन्ह होतं, त्याच्यावर लाल फुली. एवढं शिकून, एवढी धडपड करून बाईला घरात बसून काम मिळतं, आणि ते एका लाल फुलीवर अडकतं. ती रडली वगैरे नाही. तिनं उठून कुकर लावला आणि झाकण असं आपटलं की यशवंतरावांनी बाहेरून विचारलं, “काय पडलं?”

“काही नाही आप्पा. अजून पडायचंय.”

रविवारी दुपारी शालनबाई आपल्या खोलीत दिव्याला घेऊन बसल्या होत्या. त्यांच्या खोलीत टीव्ही आहे. उत्कर्षानं दिव्याचे रांगतानाचे व्हिडिओ आपल्या कॉम्प्युटरवर ठेवलेत, ते वायफायवरून त्या टीव्हीवर दिसतात. शालनबाई दुपारी मालिका बघत नाहीत, नात बघतात. नात मांडीवर असली तरी टीव्हीवरची बघतात. आज टीव्ही काळा होता.

“आई, लावू का दिव्याचं?”

“नगं.”

“का? रुसलात का आमच्यावर?”

म्हातारीनं दिव्याच्या डोक्यावरून हात फिरवला.  मग हळूच म्हणाली, “येतच न्हाई ते. दसऱ्यापासनं.”

“म्हणजे? मग बोलला का नाहीत?”

“काय बोलू? म्हनलं असतं, बघा, म्हातारीनं टीव्हीबी बुडवला.” आणि एकदम त्यांचा आवाज चढला. “पर म्या त्याला कुंकू न्हाई लावलं हां! शप्पत घेते. टीव्ही काय हत्यार हाय व्हय? खंडेनवमीला टीव्ही कोन पूजतंय? त्याला म्या बोटबी न्हाई लावलं. मंग त्यो का बंद पडला?”

उत्कर्षाच्या हातातलं दिव्याचं झबलं तसंच राहिलं.

“टीव्हीवर बाकीचं येतंय? यूट्यूब?”

“समदं येतंय. कीर्तनं येत्यात, पाककृती येत्यात. आपली पोरगी तेवढी येत न्हाई.”

जगातलं सगळं येतंय, घरातलं येत नाही. खालच्या कॉम्प्युटरचं जे दुखणं तेच टीव्हीचं. आणि टीव्हीला ना कुंकू लागलं होतं ना पाणी. वरचा कॉम्प्युटर, खालचा कॉम्प्युटर, टीव्ही. तिघांच्या मध्ये उभं कोण? तर जिन्यातला तो पांढरा डबा, ज्याच्यात ‘काही बदल नाही’.

उत्कर्षानं आपला मोबाइल घेतला, त्याचा हॉटस्पॉट चालू केला आणि दोन्ही कॉम्प्युटर डब्यावरून काढून मोबाइलला जोडले. मोबाइल जिन्याच्या वळणावर, बरोबर डब्याच्या खाली, दिव्याच्या पावडरच्या डब्याला टेकून उभा केला. वर आली. ‘जिना’वर क्लिक केलं.

उघडला. फुली नाही, पासवर्डची कटकट नाही. सगळ्या फाइली जिथल्या तिथं, खंडेनवमीच्या आदल्या दिवशी ठेवल्या तशा.

“अहो!” ती ओरडली. “लिंबाशेजारी बघा काय दिसतंय!”

शेखरनं बघितलं. तो जिना चढून वर आला, मोबाइलकडं बघितलं, डब्याकडं बघितलं. मग आईच्या खोलीच्या दाराशी जाऊन उभा राहिला. माफी मागायची त्यांच्यात पद्धत नाही. तो म्हणाला, “आई, चहा टाकतेस का?”

“टाकते,” शालनबाई आतून म्हणाल्या. “आदी त्या डब्याचं काय ते बघा. आन नवनाथाला कळवा, येऊ नगं म्हनावं.”

“मोबाइलवर धंदा कसा चालवणार, आई? ही मोबाइल घेऊन भाजीला गेली की मशीन थांबलं.”

“मंग डबा नीट करा!”

नवनाथला थांबायला सांगितलं, ओंकारला बोलावलं. तो बिचारा सोमवारी सकाळी सकाळी आला. उत्कर्षानं त्याला सगळं दाखवलं, मोबाइलवर चालतं, डब्यावर चालत नाही. त्यानं मान खाली घातली.

“ताई, खरं सांगू का? नव्या डब्यात तसंच आहे. घरातली उपकरणं एकमेकांना दिसू नयेत असं वरूनच करून ठेवलंय. सुरक्षेसाठी, म्हणतात.”

“कुणापासून सुरक्षा? माझ्या नवऱ्यापासून?”

ओंकार हसला आणि लगेच गंभीर झाला. “बंद करायचं बटन आहे आत. पण आतला पासवर्ड आम्हालासुद्धा देत नाहीत. बिझनेसचं कनेक्शन घेतलं तर उघडून देतात.”

“म्हणजे आधी होतं ते काढून घ्यायचं आणि परत विकायचं!”

“मला नका बोलू ताई. मी नोकरीवाला आहे. माझं ऐका, बाजारातून दुसरा साधा डबा आणा, ह्याच्यापुढं लावून देतो. चालेल तुमचं. फक्त मी सांगितलं असं सांगू नका.”

“सांगणार नाही. आणि डबा आणू. शेखर आजच आणतील. माझं काम मी जाऊ देत नाही.” उत्कर्षानं मोबाइल उचलला. “पण आधी दुसरं एक काम आहे.”

तिनं तुम्हाला फोन लावला. ओंकारचं नाव तिनं घेतलं नाही; इथं आलंय म्हणून त्याच्या नोकरीला हात लावाल तर याद राखा. एक दाबा, दोन दाबा, आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. ती दाबत राहिली. साधा माणूस आला, तिनं वरचा मागितला. वरचा आला. तुम्ही आलात, तिनं ‘जिना’पासून मशीनपर्यंत सगळं सांगितलं. स्पीकर चालू होता. शेखर पायरीवर बसलेला, यशवंतराव कठड्याला टेकलेले, शालनबाई दिव्याला घेऊन दारात.

“मॅडम, सुरक्षेच्या दृष्टीनं कंपनीचं धोरण आहे. आणि घरगुती कनेक्शनवर आपण व्यवसाय करताय, ते आपण आत्ताच मान्य केलंय. त्यामुळं खरं तर—”

“धमकी देऊ नका. माझ्या सासूबाई टीव्हीवर नात बघतात, तोही व्यवसाय का?”

“तसं नाही मॅडम.”

“डबा बदलायच्या आधी हे सांगितलं होतं का?”

“अपग्रेडला आपली संमती आहे मॅडम. ओटीपी आलाय.”

यशवंतरावांनी कपाळावर हात मारून घेतला. “आयला, पेढाबी दिला व्हता!”

“ओटीपी स्पीडसाठी दिला,” उत्कर्षा म्हणाली. “आणि मी फोन केला तेव्हा तुमचा माणूस म्हणाला, काही बदल नाही. का म्हणाला? त्याला माहीत नव्हतं की सांगायचं नव्हतं?”

“मॅडम, मी आपली तक्रार नोंदवतो.”

“तक्रार नका नोंदवू. तक्रार नोंदवायला फोन नाही केला मी.”

“मग मॅडम, मी आपल्याला दोन मिनिटं होल्डवर—”

“ठिवू नगंस!” शालनबाई दारातून गरजल्या. आठवडाभर दबून राहिलेल्या बाईचा आवाज जिनाभर घुमला. दिव्या दचकली आणि हसायला लागली. “इचार त्याला, उत्कर्षे. माज्या कुंकवावर आळ घातला त्यो कुनी फेडायचा?”

“ऐकलंत?” उत्कर्षा मोबाइल तोंडाजवळ नेऊन म्हणाली. आवाज चढवला नाही तिनं. “होल्डवर टाकायचं नाही. बिझनेसचं कनेक्शन घ्या, असंही म्हणायचं नाही. मला एवढंच सांगा. ह्या घरात वरून खाली काय जाईल आणि खालून वर काय येईल, हे ठरवायचा हक्क तुम्हाला कुणी दिला? आम्ही दिला नाही. मग कुणी? मी जिन्यात बसलेय. मशीन थांबवून ठेवलंय. बोला.”